उकळत्या पाण्याचे डॉक्टर

पाणी उकळताना पाहून ज्याचा चेहरा देवदर्शन झाल्यासारखा उजळतो, असा माणूस सबंध विदर्भात एकच आहे आणि तो माझा साडू आहे. साडू हे नातंच मोठं अवघड. भाऊ म्हणावं तर रक्ताचा नाही, मित्र म्हणावं तर आपण निवडलेला नाही. दोन बहिणींच्या नशिबाने दोन परके पुरुष लग्नकार्यात एका सोफ्यावर येऊन बसतात, दोघांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या ठेवल्या जातात, आणि आता जन्मभर एकमेकांशी बोला म्हणून सांगितलं जातं. त्यातून मी शाळेत मराठी शिकवणारा. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला सुटला, तो उभयपक्षी आनंदाने. अशा माणसाने अणुअभियांत्रिकीत संशोधन करणाऱ्या साडूशी काय बोलावं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही, कारण बोलायचं सगळं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. माझ्याकडे फक्त बघायचं काम होतं, आणि बघायचं काय, तर उकळतं पाणी.

नागपुरात, नंदनवन भागात, त्यांच्या घराजवळ एक चहाची टपरी आहे. तिथे त्यांच्याबरोबर चहा प्यायला जायचं म्हणजे मागच्या गिऱ्हाइकांची बोलणी खायची तयारी ठेवायची. पातेल्यातलं पाणी तापू लागलं की हे पुढे वाकतात, चष्म्यावर वाफ धरते, चष्मा पुसतात, पुन्हा वाकतात. "पाहा गा मास्तर, बुडाशी मोत्यावानी लागून राहिले ना, थे पहिले. सुटाची वाट पाहून राहिले. आता पाहा, आता... सुटला!" टपरीवाला हातात साखरेचा डबा घेऊन ताटकळत उभा. "काका, चहा होऊ द्या ना, मग पाहा निवांत." त्यावर हे खरोखर दुखावलेल्या आवाजात म्हणतात, "चहा झाल्यावर काय पाहू बापा?" घरी दूध तापवायला ठेवलं असलं आणि ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण अंगणात असली, तर त्या कधीच यांना लक्ष ठेवायला सांगत नाहीत. एकदा सांगितलं होतं. यांनी फार बारकाईने लक्ष ठेवलं. साय कशी धरली, तिच्याखाली वाफ कशी कोंडली, ती साय वर कशी उचलली गेली, हे सगळं ते शेजारी उभ्या असलेल्या मला समजावून सांगत राहिले आणि दूध शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून त्यांच्या पायावर आलं. दूध का उतू जातं हे त्यांना माझ्या ओळखीतल्या कुणाहीपेक्षा जास्त कळतं. गॅस बंद करायचं तेवढं राहून जातं.

ते मूळचे उमरेडकडचे. घरात हातमाग होता, वडील लुगडी विणायचे. हे शिकले, इंजिनिअर झाले आणि कोळशावर चालणाऱ्या एका वीज केंद्रात लागले. केस पिकेपर्यंत तिथे बॉयलरच्या सोबतीने राहिले. मग एके दिवशी, मुलगी नोकरीला लागली होती, घर बांधून झालं होतं, आता माणूस बागेत मोगरा लावील आणि सकाळी फिरायला जाईल अशी सगळ्यांची अपेक्षा होती, तेव्हा सासूबाईंच्या घरी, सावनेरला, भर पंगतीत यांनी जाहीर केलं की आपण स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे आणि नागपुरातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात अणुअभियांत्रिकीच्या पीएच.डी.ला प्रवेश मिळाला आहे. वाढणाऱ्याच्या हातातली आमटी तशीच राहिली. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अणू म्हणजे बॉम्बच ना? जावाईबापू, तुमाले जे काय करायचं थे तिकडं कॉलेजात करा. घरी आणू नका बापा."

"आई, बॉम्ब नाई. पाणी उकळाचं हाये," हे म्हणाले.

"म्हंजे?"

"अणुभट्टीत अखेर होते काय? पाणी उकळते, वाफ होते, चाक फिरते. कोळशानं उकळा, नाई तं अणूनं उकळा."

सासरचे एक काका इतका वेळ वांग्याच्या भाजीत गुंतले होते. ते मान वर करून म्हणाले, "मंग इतके वर्ष नोकरीत काय करत होते?"

"पाणीच उकळत होतो. आता थे काहून उकळते, थे पाहून राहिलो."

काकांनी पुन्हा वांग्याकडे लक्ष दिलं. मला मात्र ते वाक्य, त्यातल्या 'काहून'सकट, म्हणजे 'का'सकट, फार आवडलं.

त्यांचा विषय मला त्यांनी तव्यावर समजावला. तवा बेताचा तापला असेल आणि पाणी शिंपडलं तर ते चर्र करून उडून जातं. तवा फारच तापला तर थेंब नुसते नाचतात, उडून जात नाहीत, कारण थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि पाणी तव्याला शिवतच नाही. अणुभट्टीतल्या तापलेल्या सळईभोवतीही अशीच गादी धरू शकते. मग पाणी जवळ असून सळई तहानलेली राहते, तिची उष्णता तिच्यातच कोंडते आणि ती जळते. ही वेळ नेमकी केव्हा येते, आणि सळईला तारेचा वेढा दिला तर ती पुढे ढकलता येते का, एवढंच त्यांना शोधायचं होतं. कॉलेजात अर्थातच अणूचा कण नव्हता. सळई विजेने तापायची. पण हे शेजाऱ्यांना कोण सांगणार? समोरच्या काकू त्यांच्या येण्याच्या वेळेला गच्चीवरचे पापड उचलून आत नेत. एकाने तर मोबाइलला रेंज का येत नाही, हे यांनाच विचारलं, आणि विचारताना दोन पावलं मागे सरकून उभा राहिला.

कॉलेजात पहिल्या दिवशी वॉचमनने त्यांना फाटकावरच अडवलं आणि "पालकांनी तिकडच्या झाडाखाली बसा," म्हणून सांगितलं. हे जाऊन बसले. बराच वेळ बसले. झाडाखालच्या दोन-चार खऱ्या पालकांशी ओळखी करून घेतल्या, एकाच्या मुलाला कुठली शाखा बरी याचा सल्ला दिला, आणि मग आठवण आली की आपला वर्ग सुरू झाला असेल. त्यांचे गाईड त्यांच्यापेक्षा वयाने पुष्कळ लहान, नुकतेच प्राध्यापक झालेले, हसरे, किरकोळ अंगाचे गृहस्थ. ते खोलीत आले की हे ताडकन उभे राहायचे. गाईड बिचारे संकोचून म्हणायचे, "काका, बसा हो." हे म्हणायचे, "सर, आधी तुमी बसा." अशा रीतीने दोघेही कितीतरी वेळ उभ्याने चर्चा करत. इतर संशोधक मुलं-मुली आमच्या भाचीच्या, म्हणजे यांच्या मुलीच्या, वयाची. त्यांच्यासाठी ताईंना रोज एक जास्तीचा डबा भरावा लागे, आणि परीक्षेच्या दिवशी ताई ह्या गृहस्थाच्या हातावर दहीसाखर ठेवत. निकाल लागला की सगळा वर्ग मिळून सामोसे खायला जाई. त्या फोटोंमध्ये हे मधोमध, गालाला चटणी लागलेली, आणि चेहरा असा की जणू आत्ताच मिसरूड फुटलं आहे.

त्यांनी अणुविद्येतून घरी बॉम्ब आणला नाही, पण दुसऱ्या गोष्टी आणल्या. भट्टीच्या नियंत्रण कक्षात म्हणे एकाने दिलेली सूचना दुसऱ्याने तशीच परत म्हणून दाखवायची, पहिल्याने "बरोबर" म्हणायचं, आणि मगच बटणाला हात लावायचा. हे ऐकून आल्यापासून घरात हाच कायदा लागू झाला. ताई म्हणाल्या, "संभाराची जुडी आणा." संभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. हे पिशवी घेऊन दारात उभे. "संभाराची जुडी आणाची." ताई कामात. हे तसेच उभे. "बरोबर म्हण ना वं."

"अवो, जा ना आता!"

"तसं नाई चालत. बरोबर म्हण, मंग जातो."

असं काही महिने चाललं. एका सकाळी ताईंचा संयम संपला. त्या कडाडल्या, "तुमचं डोस्कं फिरलं हाये!" हे शांतपणे म्हणाले, "माझं डोस्कं फिरलं हाये." आणि ताई सवयीने बोलून गेल्या, "बरोबर."

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक महत्त्वाची वस्तू दोन. एक बंद पडली तर दुसरी, आणि दोन्हींचा एकमेकींशी संबंध नको. दोन छत्र्या, दोन गजर, दोन चष्मे, हे आम्ही सोसलं. पण भाचीच्या लग्नात त्यांनी दोन जनरेटर मागवले आणि दोन भटजी. जनरेटरचं काही नाही, दुसरा न लागता परत गेला. मी विचारलं, "मग आणला कशाला?" तर म्हणाले, "लागू नाई म्हणूनच तं आणला होता." भटजींचं मात्र बिघडलं. दुसरे भटजी रिकामे बसून कंटाळले आणि पहिल्यांच्या विधीत चुका काढू लागले. आधी हे की आधी ते, यावर मांडवात दोघांची जुंपली. नवरदेव पाटावर, अक्षता लोकांच्या मुठीत घामेजून गेल्या, व्याही लाल झालेले. मी साडूंना शोधायला गेलो तर ते एका खांबाला टेकून चिंतनात मग्न. "चुकलं मास्तर," ते म्हणाले. मला वाटलं, आता कळलं. "दोनात भांडण झालं तं कोण खरा, हे कसं समजन? तीन पायजे होते. तिसरा ज्याच्या बाजूनं, थो खरा." लग्न लागलं ते व्याह्यांनी दोन्ही भटजींना वेगवेगळ्या खोल्यांत जेवायला बसवलं म्हणून.

या सगळ्यात त्यांचं संशोधन चाललंच होतं. कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये त्यांची मांडणी उभी होती: स्टीलचे नळ, पंप, मधोमध एक जाड काचेची खिडकी आणि तिच्याआड उभी सळई. सळया जळायच्या. सळई जळली की हे घरी येऊन आंघोळ करायचे आणि मगच जेवायचे. पण हळूहळू आकडे चांगले येऊ लागले. तारेच्या वेढ्याने सळई अपेक्षेपेक्षा बरीच जास्त उष्णता सोसते आहे असं दिसलं. गाईड खूश झाले, एका परिषदेत पेपर वाचला गेला, टाळ्या पडल्या. प्रबंध लिहून झाला. ताईंनी शिंप्याकडून त्यांच्यासाठी कोट शिवून घेतला आणि उमरेडपासून सावनेरपर्यंत झाडून सगळ्यांना कळवलं की हे आता डॉक्टर होऊन राहिले.

अशातच एका दुपारी ते माझ्याकडे आले. फोन न करता आले, हेच नवल. उन्हातून आलेले, पण पंख्याखाली बसले नाहीत. बायकोने चहा ठेवला तरी स्वयंपाकघराकडे त्यांनी मान वळवली नाही. तेव्हा मी घाबरलो.

"मास्तर, तार सुटली होती," ते म्हणाले.

वेढ्याची तार नव्हे; सळईचं तापमान सांगणाऱ्या वेगळ्या बारीक तारा तिला जागोजागी चिकटवलेल्या असतात. प्रबंध छपाईला जाण्याआधी यांनी सहज मांडणी साफ करायला घेतली, तर त्यातली नेमकी मोक्याच्या जागेची तार सळईपासून सुटलेली दिसली. म्हणजे ती सळईचं तापमान सांगतच नव्हती, शेजारच्या पाण्याचं सांगत होती. आणि ती केव्हापासून सुटली होती, हे समजायला मार्ग नव्हता. ज्या आकड्यांवर टाळ्या पडल्या होत्या, ते सगळे संशयात आले.

"दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलंय?" मी विचारलं.

"नाई."

"मग गाईडना सांगितलंत?"

"सांगतलं. ते म्हणते, थो भाग गाळून टाकू. प्रबंध बारीक होईन, पण पास व्हाल. माझ्या वयाचं काही बोलणार होते, मंग बोलले नाई. चांगला माणूस हाये."

"मग गाळा ना."

"थोच तं भाग हाये मास्तर. बाकी सगळा नुसता पसारा. अन् पेपर तं छापून गेला. उद्या कोणी थो आकडा धरून भट्टी बांधली तं?"

मी त्यांचा साडू आहे, खरं बोलायचा मला अधिकार आहे. मी म्हणालो, "भाऊ, नागपुरातला तुमचा पेपर वाचून कोण भट्टी बांधतंय?"

त्यावर ते हसले. त्या दुपारी पहिल्यांदाच. "तेही खरं हाये. पण धरा बांधली."

चहा आला, आम्ही प्यालो. ते म्हणाले, परत सगळं करायचं तर वर्ष तरी जाईल, विद्यापीठाकडून मुदत मागावी लागेल, पेपर चुकला म्हणून लिहून कळवावं लागेल, गाईडचीही त्यात शोभा होईल. पण हे सगळं कसं करायचं ते ठरवूनच ते आले होते. माझ्याकडे ते सल्ल्यासाठी आले नव्हते. "तुमी चला घरी," शेवटी म्हणाले. "तुमच्या ताईले सांगायचं हाये. एकट्यानं नाई सांगता येत."

आम्ही दोघे गेलो. ताई उन्हात वाळत घातलेली डाळ सारखी करत होत्या. यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, तारेपासून मुदतीपर्यंत. ताई ऐकत होत्या, हात डाळीतून फिरत होता. मी मनाशी कोट, उमरेड, सावनेर असं सगळं आठवत उभा. बोलणं संपल्यावर ताईंनी पदराने कपाळ पुसलं.

"म्हंजे पाणी परत उकळायचं हाये ना?"

"हो."

"मंग उकळा. मी तं लग्न झाल्यापासून रोज उकळून राहिली. मले कोणी डॉक्टर नाई म्हटलं." मग माझ्याकडे वळून, "जेवूनच जा भाऊजी. आज झुणका केला." आणि हे आत गेल्यावर हळूच म्हणाल्या, "कागदावर खोटं ठेवून यांले झोप नसती आली. मंग मलेही नसती आली."

पुढचं वर्ष त्यांचं शेडमध्ये गेलं. नागपूरचा मे महिना, वर पत्र्याचं छप्पर आणि आत उकळतं पाणी. अशा जागी माणूस स्वखुशीने का जातो हे अणुशास्त्रच जाणे. वर्गातली मुलं, ज्यांची कामं केव्हाच आटोपली होती, तीही आळीपाळीने मदतीला येत. गाईडनी परिषदेला पेपर मागे घेत असल्याचं कळवलं, आणि खाली पहिलं नाव स्वतःचं घातलं. त्या दिवसापासून आमचे साडू त्यांच्यासमोर पूर्वीपेक्षाही जास्त वेळ उभे राहू लागले.

नवे आकडे आले. तारेच्या वेढ्याचा फायदा होता, पण बेताचा. पहिल्या वेळी दिसला त्याचा एक लहानसा तुकडा. मला वाईट वाटलं. यांना वाटलं नाही. ते येऊन मला म्हणाले, "आपली सळई तितकी हुशार नव्हती गा," आणि हे म्हणताना त्यांचा आवाज असा होता, जसा आपण घरातल्या, जेमतेम पास झालेल्या पण आवडत्या पोराबद्दल बोलतो.

व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, आम्ही सगळे गेलो. ताई इस्त्रीच्या साडीत, मी, माझी बायको, आणि सावनेरहून खास आलेल्या सासूबाई पहिल्या रांगेत. यांनी कोट घातला होता. त्यात ते थोडे आवळल्यासारखे दिसत होते. परीक्षक बाहेरगावचे, गंभीर. यांनी सुरुवातच तार सुटली होती इथून केली. पहिले आकडे पडद्यावर दाखवले, "हे चूक," म्हणाले, मग दुसरे दाखवले. परीक्षकांनी पुष्कळ खोदून विचारलं, मला काही कळलं नाही, पण हे एकदाही अडखळले नाहीत एवढं कळलं. शेवटी परीक्षकांनी रीतीप्रमाणे विचारलं, "सभागृहात कोणाला काही विचारायचं आहे?" आणि माझ्या शेजारून सासूबाईंचा हात वर गेला. बायकोने तो खाली ओढायचा प्रयत्न केला. उपयोग झाला नाही.

"जावाईबापू, तुमी सांगतलं थे ठीकच असन," सासूबाई म्हणाल्या. "पण मले एक सांगा, पाणी लवकर उकळाले पायजे का उशिरा?"

मुलं हसली. परीक्षकही हसले. हे हसले नाहीत. त्यांनी कोटाचं बटण काढलं, दोन पावलं पुढे आले आणि सासूबाईंना परीक्षकांइतक्याच गंभीरपणे उत्तर दिलं. "आई, कवाही उकळू द्या. फक्त बुडबुडा सळईले धरून बसाले नाई पायजे. सुटला पायजे."

"हां," सासूबाई म्हणाल्या. "मंग बरोबर हाये." आणि मला अजूनही वाटतं, ती पदवी त्यांना तिथेच मिळाली, विद्यापीठाने नंतर फक्त कागद दिला.

आता ते डॉक्टर आहेत. गल्लीतल्या एका आजोबांनी गुडघा दाखवायला येऊन पाहिलं, मग त्यांनाही कळलं. कॉलेजातल्या त्या शेडमध्ये दुसऱ्या कुणाचं काम सुरू झालं, म्हणून गेल्या हिवाळ्यात त्यांची मांडणी उतरवली. नळ सोडवायला हे स्वतः गेले होते. परत आले तेव्हा मी विचारलं, कसं वाटलं. म्हणाले, "जागा मोठी दिसून राहिली होती," आणि दुसराच विषय काढला.

हल्ली रविवारी सकाळी ते माझ्याकडे येतात. अणुभट्टीवर मराठीत एक पुस्तक लिहायचं त्यांच्या मनात आहे, गावाकडच्या मुलांसाठी. ते बोलतात, मी लिहून घेतो. शब्दांवरून आमची वादावादी होते, कारण जे शब्द मी सुचवतो ते कुणी बोलत नाही आणि जे ते सुचवतात ते कुणी छापत नाही. परवा त्यांनी सांगितलं, "सळईभोवती पाणी उकळून राहिलं." मी लिहिलं, "सळईभोवती पाणी उकळत आहे." वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मास्तर, तुमचं शुद्ध हाये. पण तुमच्यातलं पाणी थंडं वाटते." मी ते खोडलं आणि त्यांचं वाक्य जसंच्या तसं ठेवलं. उभ्या नोकरीत मी मुलांच्या वह्यांतली अशी वाक्यं लाल शाईने सरळ करत आलो. हे तेवढं राहू दिलं.

एका रविवारी जेमतेम एक पान होतं. त्यांना आता मोतीबिंदूमुळे अक्षर नीट दिसत नाही, मलाही फार वेळ लिहिलं की बोटं धरतात. पुस्तक अजून भट्टीच्या दारापर्यंतही पोचलेलं नाही, युरेनियम तर फारच लांब. या चालीने ते केव्हा पुरं होईल, याचा हिशेब करणं त्यांच्यासारख्या माणसाला काहीच कठीण नाही. तो त्यांनी अजून केलेला नाही, आणि मीही कधी विचारत नाही. पान संपलं की ते उठतात, चपला शोधतात, फाटकाशी जाऊन म्हणतात, "येतो मास्तर. पुढच्या रविवारी पंप घेऊ." मी म्हणतो, घेऊ.